म्युस्काडे लिंबूपाण्यासारखी का लागते, आणि तिच्याबरोबर ताटात काय असावे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही नोकरीसाठी फ्रान्समध्ये नांतला आलात. घरमालकीणबाईंनी ‘म्युस्काडे सेव्र ए मेन, सूर ली’ असे लेबल असलेली पांढऱ्या वाइनची बाटली भेट दिली, ती तुम्ही एका रविवारी एकट्याने उघडलीत आणि ‘साखर घालायची विसरलेल्या लिंबूपाण्यासारखी’ लागली म्हणून उरलेली ओतून दिलीत. आता येत्या शनिवारी त्याच बाई, त्यांचे यजमान आणि शेजारचे एक जोडपे तुमच्याकडे जेवायला येणार आहेत, तुम्ही कोकणी पद्धतीचे मासे करणार आहात, आणि बाईंनी तीच वाइन घेऊन येत असल्याचे कळवले आहे. वाइन चाखायची कशी आणि तिच्याबरोबर वाढायचे काय, असे तुम्ही विचारले आहे.

हे दोन प्रश्न वाटतात, पण माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. नुसते लिंबू चोखून लिंबाविषयी मत बनवावे, तसे तुमचे त्या रविवारी झाले. काही वाइन नुसत्या घोट घोट पिण्यासाठी असतात. म्युस्काडे त्यांतली नव्हे. ती घासाबरोबरच समजते, आणि म्हणून तिची चव घ्यायला शिकणे आणि तिच्यासाठी ताट मांडायला शिकणे ही एकच गोष्ट आहे. मी नांतमध्ये सात वर्षे उपाहारगृहांत वाइन वाढण्याचे काम केले आणि आता नाशिकला नव्या मुलांना तेच शिकवते. पुढे लिहिते आहे ते त्या अनुभवावरून. मात्र बाटली कोणाच्या तळघरातली आहे, कोणत्या सालची आहे, तुमच्या हाताला तिखट किती आहे आणि पाहुण्यांना ते किती सोसते, यांवर बरेच अवलंबून आहे, हे आधीच कबूल करते.

ही वाइन अशी का आहे ते थोडे सांगते, कारण त्यातूनच पुढचे सगळे सुचते. ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्याच्या अलीकडे नांत वसले आहे, आणि शहराच्या दक्षिणेला व पूर्वेला म्युस्काडेचे मळे पसरले आहेत. सेव्र आणि मेन या तिथल्या दोन लहान नद्या. त्यांच्या काठच्या मळ्यांतली वाइन ती ‘सेव्र ए मेन’. या भागाला 1936 साली नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. द्राक्षाचे नाव मलों द बुर्गोन्य. नावाप्रमाणे ते फ्रान्सच्याच बुर्गोन्य प्रांतातून आलेले, आणि जनुकीय तपासणीत असे दिसले की पिनो आणि गुए ब्लाँ या जातींच्या संकरातून ते जन्मले आहे. म्हणजे शार्दोने या नावाजलेल्या पांढऱ्या द्राक्षाचे ते सख्खे भावंडच म्हणायचे. पण शार्दोनेला मिळालेला भरदारपणा याच्या वाट्याला आला नाही. या द्राक्षाला स्वतःचा वास फार थोडा आहे. सतराव्या शतकात या किनाऱ्यावर ठाण मांडून असलेल्या डच व्यापाऱ्यांना ऊर्ध्वपातनासाठी स्वस्त आणि फारसा वास नसलेली पांढरी वाइन हवी होती, त्यामुळे वास नसणे हा त्या काळी गुणच ठरला. पुढे 1709 च्या भयंकर हिवाळ्यात इथल्या बागा गारठून मेल्या आणि थंडीला त्यातल्या त्यात टिकणारे मलों मोठ्या प्रमाणावर लावले गेले. म्युस्काडेमध्ये फुलांचा आणि फळांचा दरवळ शोधणारा माणूस निराश होतो, त्याचे कारण तीनशे वर्षांपूर्वीच्या या निवडीत आहे. नावातल्या साम्यामुळे अनेक जण तिला मस्कत द्राक्षाच्या गोड, सुगंधी वाइनची बहीण समजतात. दोघींचा काहीही संबंध नाही.

मग त्या वाइनमध्ये आहे काय? लेबलावरचे ‘सूर ली’ हे दोन शब्द त्याचे उत्तर देतात. ‘ली’ म्हणजे किण्वन संपल्यावर टाकीच्या तळाशी बसणारा मेलेल्या यीस्टचा साका, आणि ‘सूर’ म्हणजे वर. एरवी वाइन त्या साक्यावरून काढून दुसऱ्या भांड्यात घेतात. इथे ती पूर्ण हिवाळा त्याच साक्यावर राहू देतात आणि पुढच्या वर्षीच्या 1 मार्चच्या आत ती बाटलीत भरता येत नाही, असा नियम आहे. घरच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पिंप न ढवळता राहिले आणि त्यातली वाइन सर्वांत चांगली निघाली, त्यावरून ही रीत पडली, असे इथले जुने शेतकरी सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, कारण मात्र पक्के आहे. मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात आणि त्यांतून असे पदार्थ वाइनमध्ये उतरतात की पाण्यासारखी पातळ वाइन जिभेवर किंचित गुबगुबीत लागू लागते. वाइन हलवलेली नसल्यामुळे किण्वनात तयार झालेला थोडा कार्बन डायऑक्साइडही तिच्यात अडकून राहतो. या भागातल्या पुष्कळ तळघरांत लाकडी पिंपांऐवजी जमिनीत बांधलेल्या, आतून काचेच्या फरश्या लावलेल्या काँक्रीटच्या टाक्या असतात. त्यांच्यामुळे वाइन थंड राहते आणि लाकडाचा वास तिला लागत नाही.

म्हणजे या वाइनकडून तीन गोष्टींची अपेक्षा ठेवावी: लख्ख आंबटपणा, जिभेच्या टोकाला होणारी बारीक चुणचुण, आणि घोट गिळल्यावर मागे राहणारी, ओठ चाटावेसे वाटणारी खारट झाक. वास हा तिचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. तुम्ही नेमके तिथेच सगळे शोधत होतात, असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

आता चाखण्याविषयी. शुक्रवारी संध्याकाळी एक बाटली स्वतःसाठी आणा. नांतमध्ये ती महाग पडत नाही. लेबलावर ‘सेव्र ए मेन’ आणि ‘सूर ली’ हे दोन्ही असल्याचे पाहा आणि शक्यतो अलीकडच्या दोन-तीन वर्षांतली घ्या. गोर्ज, क्लिसाँ किंवा ल पालॅ असे गावाचे नाव ठळक लिहिलेली बाटली दिसली तर ती वेगळ्या जातकुळीची समजावी. या गावांना 2011 साली स्वतंत्र मान्यता मिळाली, आणि त्यांची वाइन साक्यावर एक हिवाळा नव्हे तर दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ठेवलेली असते. ती मला फार आवडते, पण तुमच्या पहिल्या ओळखीसाठी साधी सूर लीच योग्य.

तापमानावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते तुमचा रविवार इथेही बिघडला असावा. घरचा फ्रिज साधारण 4 अंशांवर असतो. त्या थंडीत जीभ बधिर होते, असलेला थोडासा वासही दबतो आणि उरतो तो फक्त आंबटपणा. उलट 15 अंशांच्या वर ही वाइन मवाळ आणि मरगळलेली लागते. तिला 8 ते 10 अंश मानवतात. बाटली फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटे ओट्यावर ठेवली की झाले. फ्रिजमध्ये ठेवायची विसरली असेल तर बादलीत निम्मे पाणी, निम्मा बर्फ आणि मूठभर मीठ घालून त्यात ती मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत पुरेशी गार होते. नुसत्या बर्फात खुपसलेली बाटली त्याहून सावकाश गार होते, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा असते आणि पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडते. ग्लास वर थोडा निमुळता होणारा घ्या, एक तृतीयांशच भरा आणि दांडीला धरा.

पाहण्यात फार वेळ घालवू नका. रंग फिकट असेल, कडेला हिरवट छटा असेल आणि ग्लासाच्या आतल्या बाजूला दोन-चार बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. बुचाला किंवा बाटलीच्या तळाला साखरेसारखे पांढरे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, थंडीत खाली बसतात आणि निरुपद्रवी असतात. रंग तपकिरीकडे झुकलेला असेल आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येत असेल तर हवा लागून वाइन उतरली आहे. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजून वाळलेल्या वर्तमानपत्राचा वास आला तर बूच खराब आहे, आणि दुकानदार बाटली सहसा बदलून देतो.

वास घेताना ग्लास आधी न हलवता एकदा हुंगा, मग दोन फेरे देऊन पुन्हा हुंगा. हिरवे सफरचंद, लिंबाची साल, आणि सगळ्यात मागे आंबवून ठेवलेल्या पिठाचा, पहाटे पावाच्या भट्टीवरून जाताना येतो तसा अगदी पुसट वास मिळाला तर तो साक्याचा. पुष्कळ जण ‘ओल्या दगडाचा’ वासही सांगतात. आपल्याला तो ओळखायला अवघड जाऊ नये. तापलेल्या कातळावर वळवाचे पहिले थेंब पडल्यावर जे येते, त्याच्या जवळपासचे ते आहे. मात्र द्राक्षाच्या वेलीने मुळांवाटे खडक शोषला आणि तो ग्लासात उतरला, असे कोणी सांगितले तर मान डोलवून सोडून द्या. जमिनीचा परिणाम असतो, पण तो पाणी किती धरले जाते, मुळे किती खोल जातात आणि द्राक्ष केव्हा पिकते यांतून येतो.

घोट मोठा घ्या, चमचाभर नव्हे, आणि तो तीन-चार सेकंद तोंडात फिरवून गिळा. आता चव शोधू नका. गालांच्या आतल्या बाजूंकडे लक्ष द्या. लाळ सुटेल. ती किती जोरात सुटते आणि किती वेळ सुटत राहते, हेच आंबटपणाचे माप आहे. साध्या, ओढून-ताणून काढलेल्या म्युस्काडेमध्ये आंबटपणा टोचतो आणि लगेच संपतो, मधे काहीच नसते. चांगल्या सूर लीमध्ये तो आंबटपणा कशाच्या तरी आधारावर उभा असतो. जिभेच्या मध्यावर मऊ, साईसारखा नव्हे पण ताकासारखा एक थर जाणवतो आणि शेवटी खारटपणा रेंगाळतो. मनात आकडे मोजून पाहा. दहापर्यंत काही तरी शिल्लक असेल तर बाटली चांगली निवडलीत.

यानंतर माझा नेहमीचा प्रयोग करा. नाशिकला मी तो पहिल्याच दिवशी करून घेते, कारण अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे होत नाही ते चार बश्यांनी होते. पहिल्या बशीत मीठ लावलेल्या काकडीच्या चकत्या, दुसरीत लिंबाची फोड, तिसरीत गुळाचा खडा, चौथीत हिरव्या मिरचीचा एक पातळ काप. प्रत्येक बशीतले थोडे खाऊन लगेच वाइनचा घोट घ्यायचा, आणि मधे साध्या पावाचा तुकडा व पाणी. मिठानंतर तीच वाइन गोलसर आणि जवळजवळ गोडसर लागते. लिंबानंतर ती एकदम सपाट होते, कारण ताटातला आंबटपणा ग्लासातल्या आंबटपणापेक्षा वरचढ झाला. गुळानंतर ती असह्य आंबट आणि कडवट लागते. तुमचे लिंबूपाणी हेच, आणि त्या रविवारी वाइनच्या आधी काही गोड तोंडात टाकले होते का, ते आठवून पाहा. मिरचीनंतर अल्कोहोल आग भडकवते आणि वाइनची सगळी नाजूक बाजू त्या आगीत दिसेनाशी होते. या बारा टक्क्यांच्या आसपासच्या वाइनची ही गत, तर साडेचौदा टक्क्यांच्या वाइनची काय होत असेल याची कल्पना करा.

या चार बश्यांतून जो ठोकताळा निघतो तो असा की ज्या पदार्थावर तुम्ही पानात बसल्यावर लिंबू पिळला असता, त्यावर ही वाइन घ्यावी आणि मग लिंबू पिळू नये. ग्लासातली वाइन हेच त्या पदार्थाचे लिंबू. मीठ, तेल, लोणी, नारळाचे दूध आणि समुद्राची स्वतःची गोडी हे तिचे सोबती. चिंच, आमसूल, साखर, कच्चा कांदा आणि जळजळीत तिखट यांच्याशी तिचे जमत नाही.

हे मी नांतमध्ये शिकले खरे, पण पटले ते घरी. पहिल्या वर्षीच्या सुट्टीत मी मोठ्या ऐटीने दोन बाटल्या घेऊन मालवणला मावशीकडे गेले. कालवे आणि म्युस्काडे ही नांतची जगप्रसिद्ध जोडी, आणि मावशीकडे कालवे खडकावरून नुकतीच फोडून आणलेली. यापेक्षा चांगला योग कोणता, असे मला वाटले. मावशीने त्यांचे तिखले केले, भरपूर लाल तिखट, चार-पाच आमसुले आणि वर कच्चे खोबरेल तेल. पहिल्या घोटाला वाइन पाणी झाली, दुसऱ्याला धातूसारखी लागली आणि तिसऱ्याला घसा पेटला. मावशीने ग्लास बाजूला सरकवला आणि म्हणाली, “बाय माझे, ह्या पेक्षा सोलकढी बरी.” तिचे चुकले नव्हते. सोलकढीत आमसुलाचा आंबटपणा आहे आणि तो सावरायला नारळाच्या दुधाची स्निग्धता आहे. म्हणजे वाइनने जे काम करायचे ते काम तिथे आधीच कोणी तरी करत होते, आणि एका पानात त्या कामाला दोन माणसे लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तीच कालवे शिंपलीतच निखाऱ्यावर ठेवून, उघडल्यावर नुसते मीठ टाकून वाढली, तेव्हा मात्र दुसरी बाटली जेवणाच्या निम्म्यातच संपली.

तेव्हा तुमच्या शनिवारच्या बेताकडे येते. तुम्ही लिहिलेले चार पदार्थ असे आहेत: तळलेले मासे, शिनाण्यांसारखे काही तरी, लाल कालवण-भात आणि सोलकढी. यातले काहीही रद्द करायची गरज नाही, पण क्रम आणि थोडा हात बदलावा लागेल.

तळलेले मासे हा तुमचा हुकमी पत्ता आहे. नांतच्या बाजारात ताजी सार्डिन मिळाली तर पापलेटाच्या शोधात फिरू नका. आपल्या तारलीचेच ते नात्यातले आहे, आणि तेलकट, खारट सार्डिनला म्युस्काडेचा आंबटपणा असा कापतो की दर घासाला तोंड नवे होते. रवा लावून कुरकुरीत तळा, हळद आणि मीठ नेहमीसारखे, तिखट नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याने, आणि मासे मुरवताना आगळ किंवा चिंचेचा कोळ अजिबात लावू नका. तो आंबटपणा ग्लासातून येणार आहे. सोबत कांद्याच्या चकत्यांऐवजी मीठ लावलेली काकडी ठेवा.

शिनाण्यांच्या जागी इथे त्यांच्याच नात्यातले शिंपले मिळतात, फ्रेंचमध्ये त्यांना ‘मूल’ म्हणतात. लहान, काळ्या शिंपल्यांचे, खांबांवर वाढवलेले ‘बुशो’ घ्या. इथली घरगुती रीत अशी की पातेल्यात लोणी, बारीक चिरलेले शालॉट नावाचे छोटे कांदे आणि ग्लासभर म्युस्काडे घालून त्यात शिंपले झाकण लावून पाच मिनिटे उकडायचे. तुम्ही लोण्याऐवजी खोबरेल तेल घ्या, त्यात लसूण, कढीपत्ता आणि दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या परता, शालॉट घाला, ग्लासभर म्युस्काडे ओता, आणि शिंपले उघडल्यावर आच बंद करून वाटीभर जाड नारळाचे दूध व कोथिंबीर घाला. दूध घातल्यावर उकळू देऊ नका, फाटेल. या पदार्थाला चुलीवर लागणारा वेळ दहा मिनिटे आहे आणि माझ्या अनुभवात कोकण आणि नांत यांच्यात इतका सहज सलोखा दुसऱ्या कशातच होत नाही. मिरची उभी चिरा असे मुद्दाम सांगते, कारण ती वास देते पण आपले सगळे तिखट रश्शात सोडत नाही, आणि ज्याला नको तो ती सहज बाजूला काढतो.

लाल कालवण मात्र म्युस्काडेबरोबर वाढू नका. ते भातासोबत नंतर आणा, तेव्हा ग्लास रिकामे झालेले असू देत आणि सोलकढी त्याच वेळी द्या. पाहुण्यांना कालवणाबरोबरही वाइन हवीच असेल तर ल्वारच्याच वरच्या अंगाला वूव्रे नावाचे गाव आहे, तिथली ‘दमी-सेक’ म्हणजे थोडी गोडी राखलेली वाइन आणून ठेवा. ती शनँ ब्लाँ द्राक्षाची असते, नाशिककर ज्याला चेनिन म्हणतात तेच हे द्राक्ष, आणि त्याचे माहेर हीच नदी. आमच्याकडच्या चेनिनमध्येही अनेकदा थोडी गोडी ठेवलेली असते आणि ती भारतीय जेवणाबरोबर चालते, त्यामागे हेच कारण आहे: गोडी तिखटाची धार बोथट करते. लाल वाइन आणण्याचा मोह कोणाला झाला तर थांबवा. वाइनमधल्या लोहामुळे माशांचा हिवस वास तोंडात उसळतो, असे जपानी संशोधकांनी 2009 साली दाखवून दिले आहे, आणि लाल वाइनमध्ये ते लोह सहसा जास्त असते.

सुरुवातीला चार कालवे ठेवावीत असे माझे मत आहे, आणि त्याला माझा थोडा मोहही कारणीभूत आहे. शनिवारी सकाळी तालाँसाकच्या बाजारात जा. 1937 पासूनचा तो बाजार आहे; कालवांच्या ठेल्यापाशी लोक अकरा वाजता उभ्यानेच अर्धा डझन कालवे, राय धान्याचा पाव, खारे लोणी आणि एक ग्लास म्युस्काडे घेऊन गप्पा मारत असतात. आधी काही न बोलता शेजारी उभे राहून पाहा. कालव शिंपलीतून तोंडात, दोनदा चावून गिळायचे, आणि तोंडात समुद्राचे पाणी असतानाच घोट. त्या एका क्षणी वाइन आणि कालव यांतले खारट कोणते आणि आंबट कोणते हे सांगता येत नाही. कालवांवरचा आकडा उलटा चालतो, म्हणजे पाच क्रमांकाचे लहान आणि एक क्रमांकाचे मोठे. सवय नसेल तर तीन किंवा चार क्रमांकाचे घ्या. घरी नेल्यावर थंड आणि सपाट ठेवा, उघडताना ज्यात पाणी नसेल ते टाकून द्या, आणि पाहुण्यांतल्या कोणाला शिंपल्यांची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. कच्चे खायचा तुम्हाला स्वतःला धीर होत नसेल तर मावशीच्या दुसऱ्या दिवसासारखे ओव्हनमध्ये उघडून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

लोण्याचा विषय निघाला म्हणून सांगते, या शहराची सर्वांत प्रसिद्ध चटणी, ब्योर ब्लाँ, याच तर्कावर उभी आहे. 1890 च्या सुमारास ल्वारच्या काठी ला शेब्युएत इथे क्लेमाँस लफेव्र नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी ती पहिल्यांदा केली असे मानतात. शालॉट, व्हिनेगर आणि म्युस्काडे आटवून त्यात थंडगार लोण्याचे तुकडे एकेक करून घोटायचे, आणि ती नदीतल्या माशावर ओतायची. आंबट कमी, लोणी फार. बाई कधी तुम्हाला परत जेवायला बोलावतील तेव्हा ती मागून पाहा.

पाच जणांना बाटल्या किती लागतील, हेही तुम्ही विचारले होते. एका बाटलीत 750 मिलिलिटर, म्हणजे दीडशेचे पाच ग्लास; बाईंची एक, तुमची एक आणि शिंपल्यांच्या पातेल्यासाठी एक ग्लास धरला तर दोन पुरतात, तीन असल्या तर निर्धास्त. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते, फक्त चुणचुण जाते. शुक्रवारची तुमची बाटली उरली तर तीच पातेल्यात वापरा.

एक शेवटची बाब. कालवे विकणारा तुम्हाला बहुधा शालॉट घातलेल्या व्हिनेगरची छोटी डबी देईल. लिंबाच्या बशीचा अनुभव तुम्ही तोपर्यंत घेतलेला असेल, तेव्हा ती डबी टेबलावर ठेवा पण उघडू नका. घरमालकीणबाईंनी मागितली तर मात्र मुकाट्याने पुढे करा. ही वाइन त्या तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षे पीत आल्या आहेत.